झाकण उघडं होतं

गाडी कुणी बनवली असं विचारलं की कॉलेजची मुलं आपापल्या भागाकडे बोट दाखवायची. सांगाडा अमोलचा, बॅटरीच्या पेटीतलं वायरिंग रोहितचं, ब्रेक आणखी कुणाचे. संजना रेवाळेला बोट दाखवायला गाडीत काही नव्हतं. तिच्याकडे फाइल होती.

एका माणसाला बसता येईल अशी, विजेवर धावणारी शर्यतीची गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः बनवायची आणि दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर नेऊन पळवायची, अशी ती स्पर्धा होती. साल २००८. विजेची गाडी रस्त्यावर दिसली तर लोक वळून बघत, असे दिवस. तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी जोडलेल्या बॅटरीवर परीक्षक डोळे मिटून विश्वास ठेवणार नव्हते. म्हणून नियम असा की गाडीतल्या विजेच्या सगळ्या रचनेचं लेखी वर्णन आधी पाठवायचं. कुठली वायर किती जाडीची, तीच का घेतली, फ्यूज कुठे बसवला, अपघात झाला तर वीज कशानं आणि कोणत्या क्रमानं तुटणार. प्रत्येक गोष्टीची आकृती, आकडेमोड आणि फोटो. परीक्षक फाइल हातात धरून गाडी तपासत. कागदावर एक आणि गाडीत दुसरं निघालं तर गाडी जागची हलू देत नसत.

हे काम टीममध्ये कुणालाच नको होतं. कप्तान अमोलनं ते संजनाच्या गळ्यात घातलं. म्हणाला, "तुझं अक्षर चांगलंय." फाइल कॉम्प्युटरवर टाइप करायची होती, अक्षराचा संबंधच नव्हता. काम हातात घेतल्यावर मात्र संजनानं सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. ज्यानं जे बसवलं त्याच्यासमोर ती मोजपट्टी घेऊन उभी राहायची. "अंदाजे" हा शब्द ती लिहून घेत नसे.

"ही बाय माझ्या लग्नात येऊन विचारणार," रोहित म्हणायचा, "मंगळसूत्राची तार किती एमेमची घेतलीस आणि का?"

"तुला मुलगी देणार कोण ते आधी लिही," संजना म्हणायची आणि मोजपट्टी पुढे करायची.

रोहित म्हात्रे भाईंदरच्याच जुन्या गावातला. त्याचे हात सफाईदार होते. पेटीतल्या त्याच्या वायरी वेणी घातल्यासारख्या एका ओळीत बसत आणि संजनाला त्यांचा फोटो काढताना दुसऱ्यांदा काढावा लागत नसे. टीममध्ये तिचं खऱ्या अर्थानं कुणाशी जमत असेल तर ते त्याच्याशी.

गाडी बनत होती ती भाईंदर पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात. गाळा गोवर्धनभाईंचा, स्टीलच्या भांड्यांचा. कॉलेजनं मुलांना स्पर्धेची परवानगी दिली होती, जागा दिली नव्हती. गाळ्यातला मागचा कोपरा मिळाला तो संजनाच्या वडिलांच्या शब्दावर.

सुभाष रेवाळे गुहागर तालुक्यातले. मिसरूड फुटायच्या आधी भाईंदरला आले आणि चुलत्याच्या ओळखीनं बफिंगला लागले. बफिंग म्हणजे घडवलेलं भांडं जोरात फिरणाऱ्या चाकावर दाबून धरायचं आणि आरशासारखं चमकवायचं. चमक भांड्याला येते आणि काळी भुकटी माणसावर बसते. संध्याकाळी गाळ्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे फक्त डोळे आणि दात ओळखू येत. सुभाष तोंडाला ओला रुमाल बांधत. उन्हाळ्यात तो अर्ध्या तासात वाळे. पुढे खोकला सुरू झाला, मग जिना चढताना धाप, आणि एक दिवस सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, धुळीपासून लांब राहा.

धुळीपासून लांब राहायचं तर घरी बसावं लागलं असतं. गोवर्धनभाईंनी त्यांना काढलं नाही, चाकावरून उठवून पॅकिंगला बसवलं. पेले कागदात गुंडाळायचे आणि खोक्यात भरायचे. त्यांच्या चाकावर गोरखपूरकडचा एक जवान मुलगा आला. घरी पाण्याचा पेला हातात आला की सुभाष बायकोला म्हणत, "मनोरमा, हा बघ, ह्याचा काठ कुणीतरी घाईत मारलाय."

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडेच राहिली. दसऱ्याला गाळ्यातल्या यंत्रांची पूजा व्हायची आणि नारळ फोडायचा मान सुभाषचा होता, सगळ्यात जुना कामगार म्हणून. त्या दिवशी गोवर्धनभाई शेठ असूनही हात जोडून मागे उभे राहत, आणि कालची भरती झालेली पोरंही "मामा, इधर, मामा, पहले ये वाला" करत त्यांच्या मागेपुढे फिरत. सुभाष नारळ फोडत, पाणी तांब्यात धरत आणि आंब्याच्या पानानं एकेका यंत्रावर शिंपडत. चाकाला, मोटरला, कात्रीला. कुठलंही यंत्र चुकत नसे. वर्षभर पेले गुंडाळणारा माणूस त्या सकाळी पांढरा शर्ट घालून ताठ चाले. संजनाला हे दिसत होतं.

गाडी गाळ्यात आल्यापासून सुभाष जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ येऊन उभे राहत. हात लावत नसत. एकदा त्यांनी विचारलं, "ह्यात इंजिन खय... कुठं हाय मग?"

"इंजिन नाहीच, पप्पा. ही पेटी बघा. सगळी ताकद हिच्यात आहे. बाकी सगळं नुसतं लोखंड."

सुभाष पेटीकडे बराच वेळ बघत राहिले. "एवढ्याशा पेटीत," ते म्हणाले.

गाळ्यात चाकं फिरत असताना ती पेटी उघडायची नाही, असा संजनाचा दंडक होता. स्टीलची भुकटी आत बसली तर वीज नको त्या वाटेनं जाईल. फाइलसाठी पेटीच्या आतले फोटो राहिले होते आणि पाठवायची मुदत जवळ आली होती. गाळा पूर्ण बंद, शटर वर, आवारातला उजेड आत, असा दिवस वर्षातून एकच. दसऱ्याचा.

त्या सकाळी तिनं आणि रोहितनं पेटीचं झाकण काढलं. आतल्या बॅटऱ्यांना जोडणाऱ्या पट्ट्या सोडवून ठेवल्या, म्हणजे कुणाचा हात लागला तरी झटका बसू नये. तिनं स्टुलावर चढून फोटो घेतले. एका बाजूला पूजा चालू झाली होती. मनोरमानं झेंडूची तोरणं आणि पेढे आणले होते. टीमची पोरं नवीन शर्ट घालून आली होती आणि पेढ्यांवर डोळा ठेवून होती.

"पप्पा, आमच्या गाडीची पण करा ना," संजना स्टुलावरून ओरडली.

"करतो ना, बाय. ती काय परकी हाय?"

नारळ एका फटक्यात फुटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुभाषनी यंत्रांवर पाणी शिंपडायला सुरुवात केली आणि तेवढ्यात गोवर्धनभाईंनी शटरपाशी सगळ्यांना हाक मारली, "अरे इंजिनेर लोग, फोटू पाडो हमारे साथ!" संजना स्टुलावरून उतरली, कॅमेरा घेऊन पुढे गेली. दोन मिनिटांचं काम, म्हणून झाकण तसंच बाजूला राहिलं. परत आली तेव्हा गाडीच्या चाकांना कुंकू लागलेलं होतं, पुढे झेंडूची माळ होती. गाळा बंद करायची घाई चालली होती. तिनं पट्ट्या जोडल्या, आत एक नजर टाकली आणि झाकण बसवून स्क्रू आवळले. जास्त दाबाच्या वायरी नियमाप्रमाणे नारिंगी रंगाच्या असतात. नारिंगीवर हळदीकुंकवाचे ठिपके उठून दिसत नाहीत.

जानेवारीत टीम गाडी घेऊन दक्षिणेला गेली.

परीक्षक गाडीला एक यंत्र जोडत. बॅटरीतली वीज गाडीच्या सांगाड्यात कुठून झिरपत नाही ना, हे ते यंत्र बघतं. झिरपत असेल तर गाडीला हात लावणारा मरू शकतो. पहिल्या दिवशी सकाळी संजनाच्या गाडीवर ते यंत्र लाल झालं. रात्री गाडी उघड्यावर ताडपत्रीखाली होती आणि दव पडलं होतं. दुपारी ऊन तापल्यावर पुन्हा तपासलं तर सगळं ठीक. मुलांनी जल्लोष केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लाल.

परीक्षकांमध्ये एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी मुलांना पेटी उघडायला वेळ दिला. रोहितनं एकेक वायर बोटांनी चाचपून पाहिली. कुठं चिमटली नव्हती, कुठं सोललेली नव्हती. तळातल्या फायबरच्या पत्र्याखाली बघायचं तर अख्खी पेटी रिकामी करावी लागली असती आणि तेवढा वेळ नव्हता.

"आता तर ठीक दाखवतंय, मॅडम," अमोल अजिजीनं म्हणाला.

"आपोआप गेलेला दोष आपोआप परत येतो," बाई म्हणाल्या. "मी गाडी सोडू शकत नाही." मग फाइल मिटून संजनाच्या हातात देत म्हणाल्या, "फाइल उत्तम आहे. इथल्या चांगल्या फायलींपैकी एक. गाडी तशी बनलेली दिसत नाही."

बाईंनी हे कौतुक म्हणून सांगितलं. टीमनं त्याचा एकच अर्थ काढला. कागद बरोबर, म्हणजे वायरिंग चूक. वायरिंग रोहितचं. परतीच्या प्रवासात कुणी त्याला वेडंवाकडं बोललं नाही. नुसतं त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली. भजी त्याच्यापर्यंत येईतो संपायची. संजना त्याच्याजवळ जाऊन बसली तर तो म्हणाला, "तू जा तिकडं. तुझी फाइल उत्तम हाय."

परत आल्यावर विभागप्रमुखांनी दोष शोधून अहवाल द्यायला सांगितलं. एका संध्याकाळी, चाकं थांबून कामगार गेल्यावर, संजना एकटीच गेली. रोहितनं गाळ्यात येणं सोडलं होतं. तिनं पेटी पूर्ण रिकामी केली आणि तळाचा फायबरचा पत्रा उचलला. खाली बॅटरीच्या टोकापासून सांगाड्याच्या बोल्टपर्यंत एक चिकट, तपकिरी ओघळ वाळून बसला होता. त्याच्या कडेला लालसर रंग होता आणि त्यात झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेलं तसलंच यंत्र तिनं ओघळाच्या दोन टोकांना जोडलं आणि ओघळावर तोंडानं वाफ सोडली. यंत्र लाल झालं. ओघळ स्पिरिटनं पुसला, पुन्हा वाफ सोडली. यंत्र गप्प. कोरडा असताना ओघळ निरुपद्रवी होता. हवा दमट झाली की नारळाच्या पाण्यातला क्षार ओला होई आणि विजेला वाट मिळे. मुंबईकडच्या कोरड्या हिवाळ्यात हे कधी कळलंच नसतं.

आता पेटी स्वच्छ होती. पाहणारं कुणी नव्हतं. संजना स्टुलावर बसून राहिली. अहवालात "पेटीत ओलावा शिरला" एवढं लिहिलं तर ते खोटं नव्हतं. पण ओलावा शिरला म्हणजे पेटी नीट बंद नव्हती, वायरी नीट नव्हत्या, म्हणजे फिरून रोहितच. रोहितला थोडे दिवस बोल लागेल, मग लोक विसरतील. पप्पांचं तसं नव्हतं. त्यांच्याकडे वर्षातली एक सकाळ उरली होती.

तिनं दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही.

बैठक विभागप्रमुखांच्या खोलीत झाली. पुढच्या गाडीला विजेचं काम दुसऱ्या मुलाकडे द्यावं, असं सरांचं मत पडलं. रोहितला विचारलं, तुला काय म्हणायचंय. तो भांडेल असं संजनाला वाटलं होतं. तो खाली बघत म्हणाला, "माझ्याच हातून कायतरी राहिलं असेल, सर."

"नाही," संजना म्हणाली. "वायरी चांगल्या होत्या. आत नारळाचं पाणी सांडलं होतं, दसऱ्याचं. झाकण मी उघडं ठेवलं होतं आणि न बघता मीच लावलं."

कुणीतरी फिसकन हसलं. नारळ कुणी फोडला हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी त्या दिवशी पेढे खाल्ले होते. रोहितनं मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "कशाला बोललीस गं?"

बैठक संपल्यावर ती ग्रंथालयात गेली, अहवाल पुरा टाइप केला, सरांच्या टेबलावर ठेवला. घरी जाऊन पप्पांना कसं सांगायचं ते शब्द ती रिक्षात जुळवत होती. तोवर अमोलनं गोवर्धनभाईंना फोन केला होता. अमोलच्या मनात वाईट काही नव्हतं. पुढची गाडी तिथंच बनणार होती, म्हणून तो एवढंच म्हणाला की शेठ, गाडीवर पाणी घालू नका आता, मागच्या वेळी त्यानंच घात झाला. गोवर्धनभाईंच्या मनातही वाईट काही नव्हतं. ते फोन ठेवून पॅकिंगच्या टेबलापाशी आले आणि सगळ्यांसमोर सुभाषच्या पाठीवर थाप मारून हसत म्हणाले, "सुभास, तेरे नारियल ने तो बच्चों की गाडी रोक दी, भाई!" शेठ हसले म्हणून चाकावरची पोरंही हसली.

संजना घरात शिरली तेव्हा सुभाष खाटेवर बसून होते. बूट पायातच होते. मनोरमा ओट्यापाशी पाठमोरी उभी होती.

"पाणी कुठून कुठं गेलं ते दाखव मला," सुभाष म्हणाले.

तिनं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेटी काढली. बॅटरीचं टोक काढलं, बोल्ट काढला, मधला ओघळ काढला. ते लक्ष देऊन बघत होते. भांड्याचा काठ बघत तसे.

"म्हणजे थेंब दोन थेंबच."

"हो."

"तू म्हणालेलीस, सगळी ताकद पेटीत हाय. म्हटलं, मग पूजा तिथंच नको करायला? चाकाला पाणी घालून काय उपेग?"

"पप्पा, झाकण मी उघडं ठेवलं होतं. चूक माझी आहे."

"झाकण तू उघडलंस. पाणी मी घातलं." धाप लागली म्हणून ते थांबले. "त्या पोरावरचा बोल गेला ते बरं झालं. सांगितलंस ते बरोबरच केलंस. फक्त मला आधी सांगायचं होतंस, बाय. मी मालकाच्या तोंडून ऐकलं. सगळ्यांच्या समोर."

दोन दिवस संजना त्यांच्यासमोर बसून जेवली होती.

"माणसाला ठाऊक नसतं त्याची कसली चूक," मनोरमा ओट्याकडे बघतच म्हणाली. "एवढी वर्षं मशिनींना पाणी घातलंय, कधी काय झालं का?"

"मनोरमा, तू गप."

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी कामाला गेले. जेवणाच्या सुट्टीत मात्र ते गाडीजवळ येईनासे झाले. मागच्या नळावर जायची वाट गाडीला लागून होती. ते पुढच्या दारानं बाहेर पडून गाळ्याला वळसा घालून नळावर जात. धाप लागे, मध्ये दोनदा थांबावं लागे, तरी वळसा घालूनच. संजनानं एकदा हात धरून त्यांना गाडीपाशी आणलं. त्यांनी हात हलकेच सोडवून घेतला. म्हणाले, "राहू दे गं. तुमचं काम चाललंय."

फेब्रुवारीत ते गोवर्धनभाईंना भेटले आणि येत्या दसऱ्याला नारळ दुसऱ्याला द्या असं सांगून आले. "अरे, मैंने तो मजाक किया था, सुभास," शेठ कळवळून म्हणाले. "बुरा मान गया क्या?" सुभाष म्हणाले, "नही शेठ, बुरा काहे का." तो दसरा यायच्या आत, श्रावणात, सरकारी दवाखान्यात ते गेले. फुप्फुसं आधीच गेलेली होती. डॉक्टरांनी कारण लिहिलं ते तेच.

त्याआधी, मार्चमध्ये, कॉलेजच्या मैदानावर गाडी चालवून दाखवायचं ठरलं. रोहितनंच पेटी पुन्हा भरली होती. आमंत्रण द्यायला तो स्वतः रेवाळ्यांच्या घरी आला.

"काका, तुम्ही आल्याशिवाय मी बटन दाबणार न्हाय," तो म्हणाला. "माझ्या आजीची शप्पथ."

"आजीला कशाला मधे घेतोस," सुभाष म्हणाले आणि त्या दिवसांत पहिल्यांदा जरासे हसले. येतो म्हणाले.

ते आले. पांढरा शर्ट घातला होता, दाढी केली होती. मनोरमा आणि संजना त्यांना रिक्षानं घेऊन आल्या. फाटकाशी उतरल्यावर ते थांबले. आत मैदानावर मुलं गाडीभोवती जमली होती. मनोरमा पुढे गेली.

"चला ना, पप्पा."

"मी हितूनच बघतो."

"इथून नीट दिसत नाही. मध्ये इमारत येते."

"दिसतंय तेवढं पुरे. तू जा, तुझी वाट बघतायत." ती हलेना तेव्हा ते म्हणाले, "बाय, आज तरी तुमचं नीट होऊ दे. मी लांब बरा."

संजनानं रोहितला हातानं खूण केली की ते आलेत. रोहितनं फाटकाकडे बघितलं, गाडीत बसला आणि बटन दाबलं. गाडी निघाली. विजेच्या गाडीला आवाज नसतो, त्यामुळे ती निघाल्याचं फाटकाशी लगेच कळलं नाही. मग ती इमारतीच्या उजव्या अंगानं दिसली, वळली आणि भिंतीआड गेली. सुभाष फाटकाचा गज धरून त्या भिंतीकडे बघत होते. पलीकडून पोरांचा गलका आला. गाडी डाव्या अंगानं बाहेर येईपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता की त्यांना धापच लागली होती, हे संजनाला सांगता आलं नसतं. गाडी बाहेर आली, परत भिंतीआड गेली.

"मधे कुठं थांबली नाय ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, पप्पा."

"बरं." त्यांनी गज सोडला आणि रस्त्यापलीकडे उभ्या रिक्षाला हात केला. "आईला घेऊन सावकाश ये तू. मी पुढं होतो."